विधी आणि अर्थवाद : ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या चौथ्या आवृत्तीचा वाद

१

खेळाचे नियम बदलले की खेळणाऱ्यांत वाद उत्पन्न होतो, ही काही नवी गोष्ट नव्हे. क्रिकेटसारख्या खेळात असा वाद बहुधा नियमाच्या परिणामापुरता असतो. अमुक बदलाने खेळ संथ होईल, तमुक बदलाने फलंदाजाला अवास्तव लाभ होईल, असे त्याचे स्वरूप असते. २००८ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ ह्या अमेरिकन खेळाची चौथी आवृत्ती प्रसिद्ध झाली तेव्हा उठलेला वाद मात्र ह्या जातीचा नव्हता. नवे नियम तोलाचे आहेत, सुबोध आहेत, असे विरोधकांपैकीही कित्येकजण मान्य करीत होते; तरीही त्यांचा आग्रह असा की, हा तो खेळच नव्हे. नियम चांगले आहेत आणि खेळ मात्र नाहीसा झाला आहे, हे विधान वरवर पाहता आत्मविसंगत वाटते. ह्या विसंगतीचा उलगडा करणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

हा वाद म्हणजे चाहत्यांचा हट्ट, असे म्हणून तो बाजूस सारण्याचा मोह सहज पडण्यासारखा आहे. समर्थकांनी विरोधकांस पूर्वस्मृतींत रमणारे ठरविले, आणि विरोधकांनी नव्या आवृत्तीस संगणकावरील खेळाची नक्कल ठरविले. दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या हेतूंविषयी पुष्कळ बोलणे झाले. परंतु हेतूंची चर्चा सोडून वाद ज्या वाक्यांवरून झाला ती वाक्ये पाहिली, तर त्यांत भाषेच्या अभ्यासकास परिचित असा एक जुना प्रश्न आढळतो. तो प्रश्न असा : आज्ञा करणारे वाक्य आणि वर्णन करणारे वाक्य ही एका संहितेत शेजारी शेजारी आली असता, वर्णन आज्ञेचे अंग असते की केवळ आभूषण?

२

ज्यांस हा खेळ परिचित नाही त्यांच्यासाठी त्याचे स्वरूप थोडक्यात सांगणे अवश्य आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्यांनी रचलेला हा खेळ १९७४ साली तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध झाला. भूमिका घेऊन खेळावयाच्या बैठ्या खेळांची जी परंपरा पुढे निर्माण झाली तिचा आरंभ येथून मानला जातो. चार-सहा माणसे मेजाभोवती बसतात. त्यांतील एकजण ‘डंजन मास्टर’, म्हणजे सूत्रधार, होतो. तो एक काल्पनिक स्थळ व प्रसंग वर्णन करून सांगतो. बाकीचे प्रत्येकी एकेका पात्राची भूमिका घेतात. कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक, कोणी चोर. आपले पात्र काय करते हे खेळाडूने तोंडाने सांगावयाचे, फल अनिश्चित असेल तेथे फासा टाकावयाचा, आणि फाशाचा अर्थ ग्रंथातील नियमावरून लावावयाचा, असा हा क्रम आहे. पट असलाच तर तो साहाय्यापुरता. खेळ मुख्यतः बोलण्याचा आहे. येथे प्रत्येक खेळी हे एक वाक्य असते, ही गोष्ट पुढील विवेचनात विसरून चालणार नाही.

ह्या खेळाचे नियमग्रंथ वेळोवेळी नव्याने रचले गेले. १९७७ ते १९७९ ह्या काळात ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ ह्या नावाने त्याची विस्तृत संहिता सिद्ध झाली. तिची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये निघाली. १९९७ मध्ये मूळ प्रकाशनसंस्था ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ ह्या संस्थेने विकत घेतली आणि २००० साली तिसरी आवृत्ती प्रसिद्ध केली. तिच्याबरोबर एक मुक्त परवाना देण्यात आला. त्याअन्वये त्या आवृत्तीच्या नियमांचा बराच भाग इतर प्रकाशकांस आपल्या ग्रंथांत वापरण्याची मोकळीक मिळाली. २००३ मध्ये ह्या आवृत्तीचे संशोधित रूप आले. चौथी आवृत्ती २००७ च्या ऑगस्टमध्ये घोषित होऊन २००८ च्या जूनमध्ये बाहेर पडली. रॉब हाइन्सू, अँडी कॉलिन्स आणि जेम्स वायट हे तिचे प्रमुख रचनाकार. पाचवी आवृत्ती २०१४ मध्ये आली आणि तिचे संशोधित ग्रंथ २०२४ पासून प्रसिद्ध होऊ लागले.

चौथ्या आवृत्तीने केलेले बदल पुष्कळ होते. पात्रांच्या नैतिक वृत्तीचे जुने नऊ प्रकार पाचावर आले; पहिल्या ग्रंथातून बार्ड, ड्रुइड, मंक ही जुनी पात्रे गळाली आणि ‘वॉरलॉर्ड’ हे सेनानीचे पात्र नव्याने आले; अंतरे फुटांऐवजी पटावरील घरांत मोजली जाऊ लागली. ह्या बदलांची चर्चा त्या वेळी विपुल झाली, परंतु त्यांत तत्त्वाचा प्रश्न थोडा. तत्त्वाचा प्रश्न ज्या बदलात आहे तो ग्रंथाच्या पानावर उघड दिसतो, आणि तरीही तो बदल म्हणून क्वचितच ओळखला गेला. तो म्हणजे नियमाच्या मजकुराची दोन भागांत केलेली विभागणी.

३

हा बदल समजण्यासाठी प्रथम बुद्धिबळाचे उदाहरण घेणे सोयीचे होईल. पटावर तिरपे चालणाऱ्या मोहऱ्यास मराठीत ‘उंट’ म्हणतात, इंग्रजीत ‘बिशप’ म्हणजे धर्मगुरू, फ्रेंचमध्ये ‘फू’ म्हणजे विदूषक, आणि जर्मनमध्ये ‘लॉयफर’ म्हणजे धावणारा. नावे चार, त्यांतून सूचित होणारी चित्रे चार. परंतु मोहऱ्याची चाल एकच. उंटास वाळवंटात चालता येते म्हणून तो तिरपा जात नाही, आणि धर्मगुरूस पाप वर्ज्य म्हणून तो राजास मारण्याचे नाकारीत नाही. नाव येथे केवळ संज्ञा आहे. तिचा लौकिक अर्थ खेळात प्रवेश करीत नाही. जॉन सर्ल ह्यांनी १९६९ च्या आपल्या ग्रंथात व्यवहारास घडविणारे नियम आणि आधीच अस्तित्वात असलेल्या व्यवहाराचे नियमन करणारे नियम असा जो भेद केला आहे, त्यातील पहिल्या वर्गाचे बुद्धिबळ हे ठळक उदाहरण होय. मोहऱ्याची चाल सांगणाऱ्या नियमापलीकडे त्या मोहऱ्यास अस्तित्वच नाही.

भूमिकाखेळाची गोष्ट निराळी आहे. तेथे ‘मशाल’ हा शब्द उच्चारला की ती मशाल जळते, विझते, तिचा धूर होतो, तिने गवताची गंजी पेटविता येते. ह्यांपैकी कितीतरी गोष्टी नियमात लिहिलेल्या नसतात. शब्दाच्या लौकिक अर्थाबरोबर त्या आपोआप येतात. खेळाडू खेळी सुचवितो ती ह्याच अर्थाच्या बळावर. तात्पर्य, बुद्धिबळात नाव बदलले तरी खेळ तोच राहतो. येथे नाव बदलले की करता येण्यासारख्या गोष्टीच बदलतात.

आज्ञा आणि वर्णन ह्यांच्या ह्या संबंधाचा सर्वांत कसून विचार भारतीय परंपरेत पूर्वमीमांसेने केला आहे. ते शास्त्र यज्ञविषयक वाक्यांसाठी निर्माण झाले हे खरे. तथापि वाक्यार्थनिर्णयाचे त्याचे नियम अन्यत्रही उपयोगी पडतात, आणि धर्मशास्त्राच्या निबंधकारांनी ते कसे वापरले ह्याचे विवेचन पां. वा. काणे ह्यांनी ‘धर्मशास्त्राच्या इतिहासा’च्या १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भागात केलेच आहे. खेळाचा नियमग्रंथ हाही शेवटी विधींचा ग्रंथ आहे. त्याचा वाचक केवळ जाणून घेण्यासाठी वाचीत नाही, तर करण्यासाठी वाचतो. म्हणून ह्या शास्त्राच्या परिभाषेचा आश्रय येथे घेतला आहे.

मीमांसकांच्या मते वेदातील विधिवाक्य कर्तव्य सांगते. अर्थवाद हा स्तुती, निंदा किंवा वर्णन करतो. वायुदेवतेच्या उद्देशाने अमुक पशू द्यावा, हा विधी. वायू ही सर्वांत वेगवान देवता आहे, हा त्याचा अर्थवाद. पूर्वपक्षाचा आक्षेप असा की, अर्थवाद काहीच करावयास सांगत नाही, सबब तो निरर्थक. सिद्धान्तपक्षाचे उत्तर असे की, अर्थवाद स्वतंत्रपणे प्रमाण नसला तरी विधीशी त्याची एकवाक्यता होते, आणि त्या द्वारा तो सार्थ ठरतो. एवढेच नव्हे, तर विधीच संदिग्ध असेल तेव्हा निर्णय अर्थवादावरून करावयाचा असतो. माखलेले खडे मांडावेत, एवढेच विधी सांगतो. कशाने माखलेले हे सांगत नाही. पुढील वाक्यात तूप हे तेज होय अशी स्तुती येते, आणि तेवढ्यावरून खडे तुपाने माखावयाचे, असा निर्णय होतो. उरलेल्या वाक्यावरून संशय फेडण्याचा हा न्याय ‘वाक्यशेष’ ह्या नावाने प्रसिद्ध आहे.

४

आता खेळाच्या ग्रंथातील एकच मंत्र निरनिराळ्या आवृत्तींत कसा लिहिला गेला हे पाहावे. ‘फायरबॉल’, म्हणजे अग्निगोल, हा ह्या खेळातील प्रसिद्ध मंत्र. १९८९ च्या आवृत्तीत ह्या अग्नीचे घनफळ सुमारे ३३,००० घनफूट सांगितले होते आणि तो उपलब्ध जागेच्या आकारानुसार पसरतो असे म्हटले होते. अरुंद भुयारात हा मंत्र टाकणाऱ्या मांत्रिकाकडे ज्वाळा उलट फिरून येत असत, आणि त्यात त्याचे सोबतीही होरपळत. तिसऱ्या आवृत्तीत मांत्रिकाच्या बोटातून वाटाण्याएवढा तेजस्वी मणी सुटतो आणि तो फुटून आग पसरते. ती ज्वालाग्राही वस्तू पेटविते, आणि शिसे, सोने, तांबे, चांदी असे लवकर वितळणारे धातू वितळवू शकते. म्हणजे खजिन्याच्या खोलीत हा मंत्र टाकणे शहाणपणाचे नाही. ह्या मजकुरात वर्णन कोठे संपते आणि विधी कोठे सुरू होतो हे सांगणे कठीण आहे. वाटाण्याएवढा मणी हे वर्णन खरे. परंतु तोच मणी वाटेत काही आडवे आले तर तेथेच फुटतो, आणि मग ते वर्णन विधीचे काम करू लागते.

चौथ्या आवृत्तीत ह्याच मंत्राची मांडणी अशी : वर नाव, त्याखाली तिरप्या अक्षरांत हातात नारिंगी ज्वाळेचा गोळा जमतो अशा आशयाचे लहानसे वर्णन, त्याखाली संज्ञाशब्दांची ओळ, मग पल्ला, लक्ष्य, हल्ला, लागल्यास होणारा परिणाम, हुकल्यास होणारा परिणाम. पल्ला घरांत मोजलेला. तिरप्या घराचे अंतर सरळ घराइतकेच धरल्यामुळे गोलाचा पटावर चौरस झालेला. लक्ष्य म्हणून केवळ कक्षेतील जीवांचा निर्देश. सोने, शिसे, गवत ह्यांविषयी मौन. मजकूर आटोपशीर आहे, त्यात संदिग्धता जवळजवळ नाही, आणि दोन खेळाडूंत तंटा होण्यास जागा थोडी.

परंतु निर्णायक गोष्ट मांडणीत नसून त्याच ग्रंथाने दिलेल्या वाचनाच्या सूचनेत आहे. तिरप्या अक्षरांतील वर्णन खेळाडूने आपल्या आवडीप्रमाणे बदलावे, आणि नेमका परिणाम जाणावयाचा असेल तेव्हा खालील नियमभाग पाहावा, अशा आशयाची ती सूचना आहे. ही सूचना उदार वाटते आणि एका अर्थाने ती उदार आहेही. आपल्या मांत्रिकाचा बाण कवटीच्या आकाराचा आहे असे म्हणण्याची मुभा तिने प्रत्येकास दिली. परंतु जे मनास येईल तसे बदलता येते त्याच्यावरून काही सिद्ध करता येत नाही. गोळा नारिंगी ज्वाळेचा असो वा हिरव्या धुक्याचा, परिणाम तोच, असे एकदा ठरले की त्या ज्वाळेने पडदा पेटेल का ह्या प्रश्नास वर्णनातून उत्तर मिळण्याचा मार्ग बंद होतो. ग्रंथाने येथे स्वतःच जाहीर केले की अर्थवादाची विधीशी एकवाक्यता नाही. मीमांसेतील पूर्वपक्ष येथे सिद्धान्त होऊन बसला.

येथे न्यायाने एक गोष्ट नमूद केली पाहिजे. संज्ञाशब्दांच्या ओळीत ‘अग्नी’ हा शब्द होताच, आणि त्याच्या आधारे पडदा पेटतो असे ठरविण्यास सूत्रधारास कोणतीही आडकाठी नव्हती. परंतु तो शब्द तेथे संज्ञा म्हणून होता. अग्नीपासून संरक्षण असलेल्या जीवास कमी इजा व्हावी, एवढे सांगण्यासाठी त्याची योजना होती. संज्ञेकडून लौकिक अर्थाची अपेक्षा ठेवावी की नाही, हाच वादाचा मुद्दा.

५

तीन उदाहरणांवरून हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. तिन्ही त्या काळच्या वादात पुनःपुन्हा आलेली आहेत.

पहिले उदाहरण ‘प्रोन’ ह्या अवस्थेचे. शत्रूस खाली पाडले की त्यास ही अवस्था प्राप्त होते आणि तिचे ठराविक तोटे त्यास सोसावे लागतात. ह्या खेळात पारदर्शक लगद्याचा घनाकृती प्राणी आहे. त्यास पाय नाहीत, पाठ नाही, पोट नाही. त्यास पाडता येते काय? चौथ्या आवृत्तीच्या विधीत अशा प्राण्यांसाठी सर्वसाधारण अपवाद नव्हता. म्हणून समर्थकांनी म्हटले, येते. ‘प्रोन’ ही संज्ञा आहे, तिचा अर्थ तिचे तोटे एवढाच. लगदा विस्कटला असे समजावे. विरोधकांनी म्हटले, शब्दाचा अर्थ पडणे असा आहे, आणि जे उभेच नाही ते पडणार कसे? २०१४ च्या आवृत्तीने ह्या प्राण्याच्या वर्णनात तो ‘प्रोन’ होत नाही असे स्पष्टपणे लिहून ठेवले. म्हणजे लौकिक अर्थाचा पक्ष स्वीकारला, पण तो अपवादाच्या रूपाने.

दुसरे उदाहरण योद्ध्याच्या ‘कम अँड गेट इट’ ह्या शक्तीचे. नावातच शत्रूस दिलेले आव्हान आहे. मूळ नियमाप्रमाणे तीन घरांच्या आतील शत्रूंनी, शक्य असेल तर, सरकून योद्ध्याच्या लगत यावे आणि मग त्याने त्यांच्यावर प्रहार करावा. आव्हानास बळी पडून मूर्ख दैत्य धावून येईल हे समजण्यासारखे आहे. परंतु दूर राहण्यातच ज्याचे हित आहे असा धूर्त तिरंदाजही येतो, आणि त्यास नाही म्हणण्याची संधी नाही. येथे विधी आणि अर्थवाद ह्यांच्यात उघड विरोध उत्पन्न होतो. पुढे प्रकाशकांनीच दुरुस्ती करून शत्रूच्या मनोबलाविरुद्ध फासा टाकण्याची अट घातली. विधीने अर्थवादाची बूज राखावयास हवी, असा कौलच ह्या दुरुस्तीने दिला, असे म्हणावयास हरकत नाही.

तिसरे उदाहरण दिवसातून एकदाच वापरता येणाऱ्या युद्धकौशल्यांचे. मांत्रिकाचा मंत्र दिवसातून एकदा चालतो ह्याचे कारण खेळातील जगात सांगता येते : मंत्र पाठ करावा लागतो आणि उच्चारल्यावर तो स्मरणातून जातो. पण योद्ध्याचा एक विशिष्ट तडाखा दिवसातून एकदाच का? योद्धा स्वतः ह्याचे काय उत्तर देईल? जस्टिन अलेक्झांडर ह्यांनी २००८ मध्येच अशा नियमांना खेळातील जगापासून तुटलेले नियम म्हणून एक नाव दिले आणि ते वादात रूढ झाले. त्यांच्या मते जो निर्णय पात्रास घेता येत नाही तो खेळाडूने घेतला की त्या क्षणापुरते भूमिका घेणे थांबते. समर्थकांचे उत्तर असे की, तेव्हा खेळाडू पात्र न राहता कथाकार होतो. अशी संधी दिवसात एकदाच आली असे तो सांगतो. दोन्ही विधाने प्रामाणिक आहेत. परंतु अलेक्झांडर ह्यांचे निदान पुरेसे नाही, कारण तिसऱ्या आवृत्तीतही बार्बेरियनचा क्रोधावेश दिवसातून ठराविक वेळाच येत असे, आणि त्यावरून एवढे वादळ झाले नव्हते. असे तुटलेले नियम पूर्वीही होते. पूर्वी नव्हती ती एकच गोष्ट : वर्णनाचा विधीशी संबंध नाही, अशी ग्रंथाची स्वतःची कबुली.

६

चौथ्या आवृत्तीच्या समर्थकांची बाजू दुबळी होती असे मात्र नव्हे. तिसऱ्या आवृत्तीत वरच्या पातळीवर मांत्रिक इतका समर्थ होई की, योद्ध्याची भूमिका घेतलेल्या खेळाडूस पाहत बसण्यावाचून फारसे काही उरत नसे. चौथ्या आवृत्तीने प्रत्येक पात्रास सारख्याच घडणीची साधने देऊन हे वैषम्य पुष्कळसे दूर केले. त्याहून महत्त्वाचा मुद्दा अधिकाराचा. वर्णनावरून अर्थ काढावयाचा तर तो काढणार कोण? अर्थातच सूत्रधार. सूत्रधार समंजस असेल तर ठीक. परंतु लहरी सूत्रधाराच्या हाती खेळाडूचे पात्र सोपविण्यापेक्षा छापील विधीचा आधार बरा, असे ज्यांना वाटले त्यांचा अनुभव खोटा म्हणता येणार नाही. लिखित कायद्याचे महत्त्व दुर्बलास अधिक वाटते, ही गोष्ट खेळाबाहेरही खरी आहे.

नियमात नसलेली कृती करू पाहणाऱ्या खेळाडूची सोय चौथ्या आवृत्तीने केलीच नव्हती, हा आक्षेपही यथार्थ नाही. सूत्रधारासाठी असलेल्या ग्रंथाच्या ४२ व्या पृष्ठावर अशा कृतींचा निर्णय कसा करावा ह्याची सुटसुटीत पद्धत दिलेली आहे, आणि समर्थक त्या पृष्ठाचा हवाला वारंवार देत असत. परंतु ती सोय सूत्रधाराच्या ग्रंथात होती; खेळाडूच्या हाती असलेल्या ग्रंथात शक्तींच्या चौकटींमागून चौकटी होत्या. ज्याने फक्त आपला ग्रंथ वाचला त्याची समजूत अशी होई की, करण्यासारख्या गोष्टी म्हणजे ह्या चौकटी, आणि त्यांबाहेर काही नाही. खेळाडू खेळी सुचवितो तेव्हा तो नवे वाक्य रचीत असतो. येथे त्याच्या हाती तयार वाक्यांची यादी आली. वाक्ये चांगली होती, पण ती रचण्याचा त्याचा अधिकार संकोचला, निदान संकोचल्यासारखा वाटला. ‘हा तो खेळ नव्हे’ ह्या उद्गाराचा अर्थ येथे लागतो. आरंभी आत्मविसंगत वाटलेले विधान वस्तुतः विसंगत नाही : नियमांची संहिता सुधारली होती, आणि ज्या भाषेच्या आधारे नियमांपलीकडचे बोलता येत होते ती भाषा नियमांपासून तोडली गेली होती.

ह्याचा परिणाम केवळ शाब्दिक राहिला नाही. २००० च्या परवान्यामुळे तिसऱ्या आवृत्तीचे नियम इतरांस छापता येत होते. त्याचा उपयोग करून ‘पायझो’ ह्या प्रकाशनसंस्थेने २००९ च्या ऑगस्टमध्ये ‘पाथफाइंडर’ हा ग्रंथ काढला आणि नाराज खेळाडूंपैकी पुष्कळजण तिकडे गेले. एकाच मूळ संहितेच्या दोन शाखा झाल्या आणि प्रत्येक शाखेने आपला पाठ शुद्ध मानला. वर्षानुवर्षे एका मेजाभोवती बसणाऱ्या मंडळींस कोणती शाखा खेळावयाची हे ठरवावे लागले, आणि सर्वत्र ते एकमताने ठरले नाही. मूळ प्रकाशकांनीही २०१० मध्ये ‘इसेन्शियल्स’ ह्या ग्रंथमालेत दिवसातून एकदाच्या कौशल्यांवाचून असलेला योद्धा सादर केला. तोपर्यंत फूट पक्की झाली होती.

७

२०१४ ची पाचवी आवृत्ती माइक मर्ल्स आणि जेरेमी क्रॉफर्ड ह्यांच्या नेतृत्वाखाली, खेळाडूंकडून दीर्घकाळ उघड चाचणी करवून घेऊन, सिद्ध झाली. तिचे धोरण चौथ्या आवृत्तीच्या उलट होते : नियम नेहमीच्या भाषेत लिहावयाचे. अग्निगोलाची आग पुन्हा कोपऱ्यांभोवती पसरू लागली आणि कोणी अंगावर वा हातात न बाळगलेल्या ज्वालाग्राही वस्तू पुन्हा पेटू लागल्या. अर्थवाद विधीकडे परतला. ह्या आवृत्तीस लाभलेली लोकप्रियता पाहता वाद येथे मिटला असे वाटण्याचा संभव आहे. तो मिटला नाही. त्याने उलटे रूप धारण केले.

नेहमीची भाषा वापरण्याचे ठरविले तरी नियमग्रंथास पारिभाषिक संज्ञा टाळता येत नाहीत. पाचव्या आवृत्तीने संज्ञा टाळल्या नाहीत. तिने त्यांना साध्या शब्दांचा वेष दिला. ‘मेली वेपन अटॅक’, म्हणजे हातघाईचा शस्त्रप्रहार, हा त्याचा नमुना. ह्या आवृत्तीत रिकाम्या हाताने मारलेला ठोसा ‘मेली वेपन अटॅक’ ठरतो. परंतु मूठ हे ‘वेपन’, म्हणजे शस्त्र, ठरत नाही. शस्त्रप्रहार आहे, पण शस्त्र नाही! पॅलाडिन ह्या धर्मवीरास अशा प्रहाराबरोबर दैवी तेजाची जोड देता येते. मग ठोशाबरोबर ती देता येईल काय? प्रकाशकांचा अधिकृत खुलासा, नाही असा आला. कारण त्याच नियमात पुढे ‘शस्त्राच्या इजेखेरीज’ अशा अर्थाचे शब्द आहेत. हा निर्णय वाक्यशेषाच्या न्यायानेच झाला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. परंतु साध्या भाषेचे आश्वासन मिळालेल्या वाचकास अशा मीमांसेची अपेक्षा नव्हती, आणि म्हणून तो फसविला गेल्यासारखा झाला. अदृश्यतेच्या नियमाचीही हीच गत. अदृश्य जीवावरील हल्ला कठीण व्हावा असे विधी सांगतो. ज्यास अदृश्य गोष्टी दिसतात त्याच्या बाबतीत काय, हे सांगत नाही. अक्षरशः वाचले तर दिसणाऱ्या जीवावरही हल्ला कठीणच राहतो.

ह्या दोन्ही स्थळी २०२४ च्या ग्रंथाने सुधारणा केली. दैवी तेजाचा नियम हातघाईचे शस्त्र किंवा रिकाम्या हाताचा प्रहार असा दोहोंचा स्पष्ट उल्लेख करतो. आणि जो पाहू शकतो त्याच्यापुरता अदृश्यतेचा लाभ नाही, असे आता लिहिले आहे. त्याखेरीज नियमसंज्ञांचा एक कोश ग्रंथाच्या शेवटी जोडला असून संज्ञाशब्द मोठ्या आद्याक्षराने छापले आहेत. देवनागरीत मोठ्या अक्षरांची सोय नसल्याने मराठी वाचकास ह्या युक्तीचे मोल चटकन् जाणवणार नाही. पण शब्द लौकिक अर्थाने आला आहे की संज्ञा म्हणून, हे वाचकास आधी कळविणे हेच तिचे काम. निम्मे प्राणांक उरलेल्या जीवास २००८ मध्ये दिलेली ‘ब्लडीड’, म्हणजे रक्तबंबाळ, ही संज्ञाही ह्या कोशात परत आली आहे. चौथ्या आवृत्तीचा वारसा नाकारलेल्या परंपरेने तो असा हळूहळू पुन्हा स्वीकारला.

८

दोन्ही आवृत्तींच्या दोषांची तुलना केली असता एक निष्कर्ष निघतो. चौथ्या आवृत्तीने संज्ञा उघडपणे सांगितल्या आणि वर्णनाचे प्रामाण्य काढून घेतले. पाचवीने वर्णनाचे प्रामाण्य परत दिले आणि संज्ञा झाकल्या. पहिल्या ग्रंथाच्या वाचकास काय करावयाचे ते कळे, पण तेवढेच का करावयाचे ते कळत नसे. दुसऱ्याच्या वाचकास सर्व कळल्यासारखे वाटे आणि ऐन प्रसंगी घात होई. संज्ञा उघड असाव्यात आणि वर्णन बंधनकारक असावे ह्या दोन अपेक्षांत मुळात विरोध नाही. त्यांत विरोध आहे असे धरून चालणे, ही वादातील उभय पक्षांची समान चूक होय. समर्थक म्हणत, स्पष्टता हवी तर वर्णनाचा मोह सोडा. विरोधक म्हणत, कल्पनेचे जग हवे तर काटेकोरपणा सोडा. सामान्य नियमास विशेष नियम बाधतो, हे व्याकरण आणि मीमांसा ह्या दोन्ही शास्त्रांस परिचित असलेले तत्त्व चौथ्या आणि पाचव्या आवृत्तींनी आपापल्या आरंभी सांगितले आहे. त्याच्या जोडीला संदिग्ध विधीचा निर्णय वर्णनावरून करावा, एवढे एक वाक्य आले असते, तर पुष्कळ तंटे उद्भवलेच नसते.

मेजाभोवतीच्या ह्या कलहात भाषेच्या अभ्यासकास विशेष महत्त्वाची वाटावी अशी एक गोष्ट आहे. न्यायालयात संहितेचा अर्थ न्यायाधीश लावतो आणि पक्षकार तो मानतो. यज्ञात ऋत्विज लावतो आणि यजमान मानतो. येथे अर्थ लावणारे, तो पाळणारे आणि त्याचे फळ भोगणारे बहुतांशी तेच चार-सहाजण असतात, आणि त्यांना पटले नाही तर ते संहिताच बदलतात किंवा मेज सोडून जातात. विधिवाक्याचा अर्थ समाजात कसा ठरतो हे पाहावयाचे असेल, तर इतकी उघडी प्रयोगशाळा क्वचितच सापडेल. २००८ चा वाद हा ह्या प्रयोगशाळेतील एक लक्षणीय प्रयोग होता. आज्ञेपासून वर्णन वेगळे काढून ठेवले तर आज्ञा अधिक स्पष्ट होते. परंतु तिच्यापलीकडे बोलण्याचे सामर्थ्य ऐकणाऱ्याजवळ उरत नाही, एवढे त्या प्रयोगाने दाखवून दिले.